सरकारी सावलीतली कॉफी

चैतूभाऊला कुठेही बसवा, तो आधी वर बघायचा. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली, तर हा छताकडे तोंड करून उभा. कौलांच्या एका फटीतून उन्हाची तिरीप येत होती. ती फरशीवर कुठे पडते ते त्यानं नीट पाहिलं, खुर्ची वीतभर बाजूला घेतली आणि मगच बसला. मला वाटलं, कौलं गळतात का ते बघतोय.

"गळतं हो, पण पावसाळ्यात," मी म्हटलं.

"नाई जी, ऊन पाहून राह्यलो," तो म्हणाला. "तुमच्या हापिसात लय सावली हाय. इथी काई फुलनार नाई."

पुढे सात वर्षं मी त्या ऑफिसात काढली आणि त्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

नव्वदनंतरची वर्षं होती ती. कृषी सहाय्यक म्हणून माझी बदली कुरखेड्याच्या पुढच्या डोंगरी भागात झाली होती. वर्ध्याच्या माणसाला तिकडची बदली म्हणजे शिक्षाच वाटायची, आणि ती मला कुठल्या गुन्ह्याबद्दल झाली ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. दिवसातून एक एसटी यायची आणि तीच परत जायची. ती चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस तिथलाच. दिवस कलला की नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्हीकडच्या बंदुकांच्या धास्तीनं रस्ते ओस पडायचे. मी खोलीत बसून बदलीचे अर्ज लिहायचो. अर्जाची भाषा माझ्या हातात बसली ती तेव्हा, आणि तिचा मला जरा अभिमानही वाटायला लागला होता.

चैतूभाऊ हेटीटोल्याचा गोंड शेतकरी. पन्नाशीचा, काटक, आणि मान कायम थोडी मागे कललेली. त्याचं घर आणि शेत गावात नव्हतं. गावाच्या वर तासाभराची चढण, मग डोंगराच्या कुशीतला एक नाला, आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना त्याची जमीन. तिथं त्यानं कॉफी लावली होती.

मला कॉफी माहीत होती ती लग्नातली, मशीनमधून फेस काढून देतात ती. आमच्या खात्याच्या पुस्तकात धान होतं, तूर होती, जवस होतं. कॉफीचं नाव नव्हतं. म्हणजे तिला खत कोणतं, रोग कोणते, योजना कोणती, सगळ्याचं उत्तर एकच: माहीत नाही. सरकारी माणसाला हे कबूल करणं जड जातं. मी तीन महिने "बघू, वरून माहिती मागवतो" असं सांगत राहिलो. शेवटी तोच मला म्हणाला, "तुमी या जी एकडाव. मी सांगतो तुमाले."

तरुणपणी तो एका ठेकेदाराबरोबर सिरोंच्याच्या खाली, गोदावरी ओलांडून, तेलुगू मुलखातल्या डोंगरांत मजुरीला गेला होता. तिथल्या कॉफीच्या मळ्यात सात-आठ वर्षं राहिला. काम एकच, सावलीच्या मोठ्या झाडांवर चढायचं आणि फांद्या छाटायच्या. परत येताना कमरेच्या कापडात बिया बांधून आणल्या. मग दोन वर्षं डोंगरांतून नुसता हिंडला, जागा शोधत. खाली गावात मे महिन्यात जीव नकोसा करणारं ऊन. पण या नाल्यात जांभूळ, करंज, कुसुम, आंबा अशी झाडं होती. बाकीचं जंगल उन्हाळ्यात बोडकं होतं, ही झाडं पाला धरून राहतात. हिवाळ्यात सकाळी नाल्यात धुकं भरून राहायचं. तिथं त्यानं त्या झाडांच्या पोटात तीनशेच्या वर रोपं लावली.

"हे लेकरू हाय जी," तो कॉफीच्या झुडपाचं पान दोन बोटांत धरून सांगायचा. "उन्हात ठेवलं त जरते. अंधारात ठेवलं त नुसतं उंच होते, फुलत नाई. उन्हाळ्यात झाकाचं, पावसाळ्यात उघडाचं. बस, येवढंच काम. पन ते बारा महिने हाय."

चैत्रात वळवाची एखादी सर आली की आठवड्याभरात सगळा उतार पांढरा व्हायचा. फुलांना जाईसारखा वास यायचा आणि तो दोन-तीन दिवसच टिकायचा. त्या दिवसांत चैतूभाऊ कुणाशी बोलायचा नाही. बायकोशीसुद्धा खुणेनं बोलायचा.

सावली मोजायची त्याची एक रीत होती. भर दुपारी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा झाडाखाली अंथरायचा आणि त्यावर पडलेले उन्हाचे कवडसे मोजायचे. सात ते नऊ आले तर सावली बरोबर. पाच आले तर दाट, बाराच्या वर गेले तर विरळ. ही सवय त्याच्या इतकी अंगात भिनली होती की बाजारात, एसटीच्या थांब्यावरच्या कडुनिंबाखाली, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, कुठेही तो दुपट्टा अंथरून उकिडवा बसायचा. लोकांना वाटायचं चैतूभाऊला झोप आली, आणि ते बिचारे सरकून त्याला जागा द्यायचे.

मी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा त्यानं मला कॉफी पाजली. त्याची बायको जैनीबाई, ठेंगणी, बोलण्यात चांगलीच तिखट. तिनं बिया खापरात भाजल्या, उखळात कुटल्या, गुळाच्या पाण्यात उकळल्या आणि पितळी पेल्यात माझ्यापुढे ठेवल्या. मी घोट घेतला. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान आहे," मी म्हटलं.

"खोटं बोलता जी," जैनीबाई म्हणाली. "जरलेल्या भाताचं पानी हाय हे. वीस वरस झाले, मीनं एक घोट घेतला नाई." तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "यायले पायजे म्हनून करतो आमी."

चैतूभाऊ हसला. तोही अर्धा पेलाच प्यायचा, उरलेला झुडपाच्या बुंध्याशी ओतायचा. वडशाचा एक मुसलमान व्यापारी मोह, चारोळी, हिरडा घ्यायला वर्षातून एकदा खाली गावात यायचा, तो सुकलेल्या बियांची पोती घेऊन जायचा. पूर्वी पाच-सहा पोती निघायची. मी गेलो त्या वर्षी दोन निघाली. पुढच्या वर्षी एक.

कारण साधं होतं आणि त्यावर उपाय नव्हता. जमीन चैतूभाऊच्या नावावर होती, सरकारकडून पट्ट्यानं मिळालेली. पण तिच्यावरची मोठी झाडं सरकारच्या नावावर होती. झाडं वाढत होती. वीस वर्षांत वरचा पाला एकमेकांत मिसळून गच्च झाला होता. खाली कॉफीची झुडपं उजेड शोधत काठीसारखी उंच आणि लुळी झाली होती. दर वर्षी थोड्या फांद्या छाटल्या असत्या की काम भागलं असतं. तेच काम तो परमुलखात सात-आठ वर्षं करून आला होता. स्वतःच्या शेतात मात्र त्याला ते करायची सोय नव्हती.

मी यायच्या आधी एकदा त्यानं छाटणी केली होती. वनखात्यानं पकडलं. कुऱ्हाड जप्त झाली. पुन्हा कुठल्याही जिवंत फांदीला कुऱ्हाड लावणार नाही, लावली तर जमीन परत घ्यावी, अशा हमीपत्रावर सही करून सुटला. दुसरा कुणी असता तर चार महिन्यांनी विसरला असता. तिकडं कोण बघायला येतो? पण चैतूभाऊनं त्या दिवसानंतर घरात कुऱ्हाड ठेवली नाही. जंगलातल्या माणसाच्या घरात कुऱ्हाड नाही म्हणजे सुताराच्या घरात करवत नाही असं झालं. सरपणासाठी जैनीबाई वाळक्या काटक्या गुडघ्यावर मोडायची आणि मोडताना नवऱ्याचा उद्धार करायची. "सही केली हाय ना मीनं," तो म्हणायचा. आपलं नाव तो एकेक अक्षर वेगळं बसवून लिहायचा. असं कष्टानं लिहिलेलं नाव खोटं कसं करायचं, असं बहुधा त्याला वाटत असावं.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात मी वर गेलो आणि नाल्याच्या तोंडाशीच थबकलो. सगळ्या डोंगराला दोऱ्या लावलेल्या. अंबाडीच्या, पळसाच्या मुळ्यांच्या, जाड, बारीक. प्रत्येक झाडाच्या दोन-तीन फांद्या दोरीनं बाजूला ओढून खाली दगडाला नाहीतर शेजारच्या खोडाला बांधल्या होत्या. ओढाळ गुरांना दाव्यानं बांधतात तसं. मधल्या फटींतून कॉफीवर उजेड पडला होता.

"हे काय केलंस, चैतूभाऊ?"

"कापाचं नाई म्हनलं," तो एक गाठ आवळत म्हणाला. "बांधाचं नाई असं कुठी म्हनलं?"

कुणीतरी चुगली केली आणि त्या भागातल्या जंगलाचे वनपाल चौकशीला आले. भला माणूस. ते तासभर दोऱ्यांखालून हिंडले, हमीपत्राची नक्कल दोनदा वाचली, आणि शेवटी दगडावर बसून पोट धरून हसले. "पंचवीस वर्षं झाली नोकरीला, झाडाले दावं लावनारा माणूस नाई पाह्यला," ते म्हणाले. जाताना त्यांनी एक सैल झालेली गाठ स्वतः आवळून दिली.

पावसाळ्यात दोऱ्या ओढायच्या, उन्हाळा लागला की सोडायच्या. ऐकायला सोपं आहे. पण दोरी भिजली की आखडते, वाळली की सैल पडते. वारं सुटलं की गाठ निसटते आणि ओढून धरलेली फांदी चाबकासारखी खालच्या झुडपांवर आदळते. त्यामुळे दिवसातून दोनदा सगळ्या दोऱ्या तपासायच्या. चैतूभाऊ डोंगराला पुरता अडकला. गावात आला तरी पाणी प्यायला बसायचा नाही. बहिणीच्या घरी मयत झालं तर जाऊन उभ्या उभ्या परत आला. मी बदलीसाठी तडफडत होतो म्हणून मला ते जास्तच कळायचं. फरक एवढाच, की मला अडकवणारं कुणी दुसरं होतं आणि मी त्याला शिव्या देऊ शकत होतो.

जैनीबाईला वडशाचं नाटक बघायचं होतं. हिवाळ्यात तिकडे गावोगाव नाटकं रंगतात, आणि तिनं आयुष्यात एकही पाहिलं नव्हतं. दोन हिवाळे ती मागे लागली होती. तिसऱ्या हिवाळ्यात तो कबूल झाला. मीही त्याच एसटीत होतो. जैनीबाई नवं लुगडं नेसून, गावातल्या चार बायकांसोबत पुढे बसली होती, आणि चैतूभाऊ खिडकीतून डोकं बाहेर काढून झाडांचे शेंडे बघत होता. घाट उतरायच्या आत त्यानं कंडक्टरला हाक मारली.

"थांबवा जी. वारा सुटला."

कंडक्टरला काही कळेना. वारा सुटला म्हणून एसटीतून उतरणारा उतारू त्यानंही पहिल्यांदाच पाहिला असणार. जैनीबाईनं मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हीही उतरणार.

"तुमी जा," ती म्हणाली. "मले नाटक पाहाचं हाय."

आणि ती गेली. परत आल्यावर तिनं कॉफीची लाल फळं तोडता तोडता सगळं नाटक त्याला करून दाखवलं, राजाचं, राणीचं, दुष्ट दिवाणाचं काम एकटीनं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मांडवाच्या दोऱ्या कायच्या होत्या?"

हे मला तिनंच सांगितलं. सांगताना हसत होती, मग हसता हसता थांबली. "झाडाले दोऱ्या बांधल्या म्हनतेत लोकं," ती म्हणाली. "दुसरं टोक यायच्याच कमरेले हाय, साहेब. येक दिवस ओढून नेतीन हे झाडं यायले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी लिवनारे मानसं. काई लिवा ना जी."

मी लिहिलं. फांद्या छाटायची परवानगी मिळावी असा साधा अर्ज आधी केला. त्याला उत्तर आलं की विहित नमुन्यात अर्ज करावा. नमुना शोधला तर फांद्यांसाठी नमुनाच नव्हता. एकच छापील फॉर्म होता: शेतीस अडथळा ठरणाऱ्या झाडांबाबत. त्यात झाडाची जात, छातीच्या उंचीवर घेर, संख्या आणि शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना. मी म्हटलं, हाच भरू.

टेप घेऊन मी वर गेलो. दोन दिवस आम्ही झाडं मोजली. मी टेप धरायचो आणि तो झाडाची ओळख करून द्यायचा. "हा वाकड्या. हा उन्हाळ्यात साथ देते. हे जांभूळ मोठं गुनाचं हाय, फक्त डाव्या अंगानं अंधार करते." मी लिहायचो: जांभूळ, घेर एक मीटर चाळीस. वरच्या टोकाला एक जुना आंबा होता, त्याच्या बुंध्याशी त्यांच्या देवाचा, म्हणजे पेनाचा, दगड होता. तो त्यानं मोजू दिला नाही. "तो पेनाचा हाय. त्याले कागदात नका घेऊ." बाकीची बेचाळीस झाडं मी यादीत घेतली आणि प्रत्येकापुढे शेऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: फक्त फांद्या छाटणे. बेचाळीस वेळा.

सही करायच्या आधी चैतूभाऊ कागदाकडे बराच वेळ बघत होता. त्याला वाचता फार येत नव्हतं, पण रकाने कळत होते.

"साहेब, ह्या कागदात झाडाची जागा हाय. फांदीची नाई. चालन का?"

"चालतं," मी म्हटलं. "शेऱ्यात लिहिलंय ना."

"शेरा मंजे?"

"म्हणजे आपल्याला नेमकं काय हवंय ते."

त्यानं सही केली. एकेक अक्षर वेगळं बसवून.

मग अर्ज वर गेला. चार वर्षं तो वर होता. चैतूभाऊ बाजाराच्या दिवशी यायचा, दारातूनच विचारायचा, "कागद कुठी हाय?" मी सांगायचो, "वर गेलाय." तो सवयीनं वर बघायचा आणि निघून जायचा. त्या चार वर्षांत दोऱ्या वाढत गेल्या, झुडपं उंच आणि लुळी होत गेली, एका वर्षी तर पोतं भरलंच नाही. पण तो म्हणायचा, "कागद येऊ द्या. येका बरसातीत सुदरवतो मी याले."

कागद आला. मी पाकीट फोडलं, वरची 'मंजूर' ही ओळ वाचली आणि खालचं न वाचताच धावत वर गेलो. त्याच्या अंगणात बसून मोठ्यानं वाचायला लागलो.

"किती फांद्या भेटल्या?" त्यानं विचारलं.

मी पुढचं वाचलं. पुन्हा वाचलं. "चैतूभाऊ, यात झाडं लिहिलीत."

"कोनती?"

"सगळी. बेचाळीस. तोडायची."

उखळात मुसळ चालवणारी जैनीबाई थांबली.

"आन शेरा?" तो म्हणाला. हा शब्द त्यानं माझ्याकडूनच घेतला होता.

"शेरा नाहीये. वर जाताना यादी पुन्हा टाइप झाली असेल. तो रकानाच गाळला गेलाय."

तो माझ्याकडे बघून, जणू माझीच समजूत घालतोय अशा आवाजात म्हणाला, "तुमी त बेचाळीस डाव लिवलं होतं जी."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. नमुना चुकीचा आहे हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाला दिसलं होतं, आणि मला, अर्ज लिहिण्यात हुशार असलेल्याला, दिसलं नव्हतं. मला तिथं बसवेना.

आम्ही दोघं वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेलो. कुणी वाईट वागलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. झाडं सरकारची, त्यामुळे तोडायची की नाही हे आता चैतूभाऊच्या हातात नव्हतं. लिलाव झाला होता, ठेकेदाराची माणसं ठरली होती. अर्ज मागे घेता येईल का? येईल, पण मागे घेण्याचा अर्ज वर पाठवावा लागेल. मी तिथंच कागद मागून तो लिहिला. पहिल्याला चार वर्षं लागली होती. दुसऱ्याचं उत्तर मी तिथं असेपर्यंत आलं नाही.

फाल्गुनात तोडणारी टोळी आली. बाहेरची माणसं होती, पोटासाठी आलेली. झाड सरळ कॉफीवर पडलं असतं तर खालची दहा-बारा झुडपं एका दणक्यात गेली असती. चैतूभाऊनं त्यांच्या मुकादमाला हात जोडले. "मी सांगन तिकडं पाडा. येवढं करा." मुकादम कबूल झाला. मग चैतूभाऊनं आपल्या सगळ्या दोऱ्या सोडवल्या आणि एकेका झाडाच्या शेंड्याला बांधल्या. करवत चालायला लागली की तो आणि जैनीबाई दोघं दोरी धरून झाडाला मोकळ्या अंगाला ओढायचे. "वाकड्या, इकडं ये, इकडं ये बापा," असं तो झाडाला सांगायचा. त्यानं स्वतः कुऱ्हाडीला हात लावला नाही. दहा दिवसांत बेचाळीस झाडं पडली आणि झुडपं मेली ती वीस-पंचवीसच. टोळीतली माणसं त्याच्या कौशल्याचं कौतुक करत गेली.

त्याच महिन्यात माझी बदली मंजूर झाली. सात वर्षांत लिहिलेल्या अर्जांपैकी माझे दोन अर्ज मंजूर झाले, ते हे दोन.

निघायच्या दिवशी मी वर गेलो. चैत्र संपत आला होता. ट्रंक खाली थांब्यावर ठेवली होती आणि एसटी चारची होती. नाल्याच्या तोंडाशी पोचलं की पूर्वी अंगावरचा घाम वाळायचा. त्या दिवशी तिथं भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. उतारावर बुंधेच बुंधे. वरच्या टोकाला तेवढा एक आंबा उभा होता. कॉफीची पानं कडेनं करपून खाली लोंबत होती. कुठं कुठं फांद्यांना काळी पडलेली फुलं चिकटून होती. नवरा-बायको बांबूच्या काटक्या रोवून एकेका झुडपावर पळसाच्या पाल्याचं छप्पर करत होती. पाला पलीकडच्या नाल्यातून डोक्यावर आणायचा, आणि दोन दिवसांत तो वाळला की पुन्हा नवा. जेमतेम तिसरा हिस्सा झाकून झाला होता.

"निघालो, चैतूभाऊ. बदली झाली."

"बरं झालं जी," तो मनापासून म्हणाला. "सुटले तुमी."

मी तीन दिवस मनाशी जुळवलेलं बोलायला तोंड उघडलं. "चैतूभाऊ, माझ्यामुळे तुझं..."

त्यानं सूर्याकडे पाहिलं. मग माझा दंड धरून मला दोन पावलं डावीकडे नेलं, एक पाऊल मागे सारलं. "असे उभे राहा. हलू नका."

मला काही कळेना. मग खाली पाहिलं तेव्हा कळलं. माझी सावली एका लहान झुडपावर पडली होती.

"पाला आनतो तवरिक," तो म्हणाला आणि उतरून गेला.

मी उभा राहिलो. ऊन कलायला लागलं होतं, पण सावली जेमतेम कमरेएवढी. अर्धंच झुडूप झाकलं जात होतं. मी कोपर बाहेर काढले, हातातली पिशवी उंच धरली, तेव्हा आणखी चार पानं सावलीत आली. पाठ भाजत होती. जैनीबाई थोड्या अंतरावर काटक्या रोवत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं, की हे एक तरी जगू दे.

चैतूभाऊ पाल्याचा भारा घेऊन चढून आला. भाऱ्याखाली त्याचं तोंड दिसत नव्हतं, पायच दिसत होते. त्यानं माझ्या पायाशी बसून झुडपावर पाला रचला, दोन काटक्या आडव्या अडकवल्या आणि वर पाहिलं.

"झालं. जा आता, गाडी चुकन."

"येईन मी पुन्हा," मी म्हटलं.

"या जी," तो म्हणाला.

मी पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं. आधी जमलं नाही आणि मग धीर झाला नाही.

खालच्या वळणावरून मी एकदा मागे पाहिलं. भारा संपला असावा. त्या उघड्या उतारावर चैतूभाऊ आणि जैनीबाई, दोघं दोन झुडपांपाशी, सूर्याकडे पाठ करून, हात अंगापासून थोडे लांब धरून नुसते उभे होते. ज्याला माहीत नाही त्याला वाटलं असतं, दोघं कुणाची तरी वाट बघत आहेत. खालून एसटीचा हॉर्न वाजला, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.